गुच्छ कीं वळेसर ?

भेट म्हणून फुलें द्यावयाचीं झाल्यास तीं कोणत्या रूपानें द्यावीं, हा प्रश्न वादाचा विषय होऊं शकेल असें पुष्कळ वाचकांस वाटणार नाहीं. लग्न असो, बारसें असो, कोणा अधिकाऱ्याची बदली असो कीं कोणा शिक्षकाची निवृत्ति असो. दुकानांत जावें, प्लॅस्टिकच्या चकचकीत कागदांत गुंडाळलेला गुच्छ विकत घ्यावा, व्यासपीठावर चढून तो पुढें करावा, छायाचित्रापुरतें हंसावें आणि खालीं उतरावें, इतका हा व्यवहार आतां ठरून गेला आहे. ज्यांना तो रुचत नाहीं त्यांनींही आपली एक तोड काढून ठेविली आहे : फुलें नकोत, पुस्तक द्या. २०१७ सालीं प्रत्यक्ष पंतप्रधानांनींच हा उपदेश केल्यापासून तर त्या अर्थाची ओळ निमंत्रणपत्रिकांच्या तळाशीं वारंवार वाचावयास मिळते. म्हणजे एक पक्ष गुच्छाचा आणि दुसरा ग्रंथाचा. तिसरा पक्ष जणूं नाहींच! मला या लेखांत त्या तिसऱ्या पक्षाची बाजू मांडावयाची आहे. तो पक्ष ओंवलेल्या आणि गुंफलेल्या फुलांचा आहे.

हा वाद कोणा सौंदर्यशास्त्र्याच्या फावल्या वेळचा आहे असें मात्र कोणी समजूं नये. फुलें कशीं बांधलीं आहेत यावर तीं कोणास देतां येतील हें ठरतें, आणि कोणास देतां येतील यावर आपल्याच घरांतील कांहीं माणसें समारंभांत पुढें बसतील कीं माजघराच्या दाराआड उभीं राहतील हेंही ठरतें. तें कसें, हें पुढें येईलच.

माझा गांव रेडी. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, वेंगुर्लें तालुक्यांत तो आहे. गोमंतकाची हद्द येथून पायीं जाण्याच्या अंतरावर. बाहेरच्या लोकांस हा गांव लोहखनिजाच्या खाणींमुळें, यशवंतगडामुळें आणि १९७६ सालीं खाणीच्या परिसरांत सांपडलेल्या द्विभुज गणपतीमुळें ठाऊक असतो. फुलांसाठीं रेडीची कीर्ति आहे असें मी म्हणणार नाहीं; पण या गांवाला आणि त्याच्या शेजारच्या शिरोडें, आरवली, सोन्सुरें, आसोली या गांवांना मिळून निसर्गानें जें एक फूल दिलें आहे, तें महाराष्ट्राच्या बहुतेक सुशिक्षितांनीं पाहिलेलेंही नसतें. तें फूल सुरंगी.

सुरंगीचें झाड चांगलें उंच, गर्द पानांचें, बारा महिने हिरवें. त्याचीं फुलें कोंवळ्या डहाळीच्या शेंड्यास येत नाहींत. जून फांद्यांच्या अंगालाच झुबक्यांनीं चिकटून बसलेलीं असतात. पांढुरक्या पाकळ्या, मध्यें पिवळ्या केसरांचा भरगच्च गेंद, आणि सुवास असा कीं रस्त्यानें जाणाऱ्यास झाड दिसण्याच्या आधीं कळावें. माघ सरतां सरतां हा बहर सुरू होतो आणि चैत्रापर्यंत आटोपतो. फूल पुरें उमललें आणि ऊन चढलें कीं ओंवण्याच्या कामाचें राहत नाहीं. म्हणून कळी उमलूं लागते न लागते तोंच, सकाळच्या गारव्यांत, झाडावर चढून ती काढावी लागते. चढण्याचें काम पुरुषांचें, आणि तें जोखमीचें आहे. खालीं ओटीवर बायका बसलेल्या असतात. दुपारच्या आंत त्यांच्या हातून जो दाट, बोटाएवढा जाड, पिवळाधमक सर बाहेर पडतो, त्याला आमच्याकडे वळेसर म्हणतात. शहरांतील गजऱ्याचा तो भाऊ खरा, पण गजऱ्यासारखा विरळ नव्हे. त्यांत दोरा दिसला तर ओंवणारीला तो कमीपणा वाटतो. शिरोड्याच्या बाजारांत त्या दिवसांत हे वळेसर हातोहात विकले जातात, गोमंतकांतही जातात. जेवढ्या कळ्या ओंवून होत नाहींत तेवढ्या वाळवून व्यापाऱ्यांस विकतात. सुगंधी द्रव्यांसाठीं त्यांना मागणी असते, आणि पूर्वीं रेशीम रंगविण्यासाठींही त्यांचा उपयोग होत असे.

आतां याच फाल्गुनांत, याच पंचक्रोशींत एखाद्या लग्नास जाऊन पाहावें. मंडपाच्या कमानीपासून वधूवरांच्या हातांपर्यंत जीं फुलें दिसतील तीं जरबेरा आणि कार्नेशन हीं असतात. कोठल्या तरी हरितगृहांत तीं वाढलीं, गारठलेल्या गाडींतून घाट उतरलीं किंवा गोव्याच्या बाजूनें आलीं, आणि दुकानांतील बादलींत दोन दिवस उभीं राहिलीं. जरबेराला वास नाहीं. त्याचा देठही इतका दुबळा कीं मान टाकूं नये म्हणून त्यास तारेचा किंवा नळीचा टेकू द्यावा लागतो. जें फूल आपलें डोकें आपल्या मानेवर धरूं शकत नाहीं, तें दुसऱ्याचा सन्मान करावयास पाठवावें, यांतील विनोद कोणाच्या लक्षांत येत नाहीं हेंच नवल !

येथें एक गैरसमज आधींच दूर करतों. जरबेरा मूळचें आफ्रिकेचें म्हणून मी त्याला हंसत नाहीं. ज्या झेंडूवांचून आपला दसरा होत नाहीं तो झेंडू मेक्सिकोचा, आणि जिच्यावांचून आपला हार पुरा होत नाहीं ती गुलछडीही तिकडचीच. तळेगांवच्या हरितगृहांतील गुलाब काढणारा शेतकरीही आपलाच माणूस आहे. त्याचे गुलाब परदेशांत जावोत आणि त्याला चांगला भाव मिळो. फूल कोठून आलें याची चौकशी करणारा मी कोण ? माझी चौकशी तें कोणाकडे चाललें आहे याची आहे. आणि गुच्छाविषयीं माझी मुख्य तक्रार हीच, कीं तो कोणाकडेच चाललेला नसतो.

गुच्छाचें स्थान हातांत. पण सत्कार होणाऱ्या माणसाचे हात त्या वेळीं मोकळे नसतात. त्याला नमस्कार करावयाचा असतो, शाल सांवरावयाची असते. म्हणून गुच्छ हातांत पडल्याबरोबर तो मागें उभ्या असलेल्या स्वयंसेवकाच्या हातीं जातो, स्वयंसेवकाकडून टेबलावर, आणि टेबलावर जागा संपली कीं टेबलाखालीं. दोन गुच्छांची अदलाबदल झाली तर देणाऱ्यास कळत नाहीं, घेणाऱ्यास कळत नाहीं. फार काय, एकाच समारंभांत तोच गुच्छ दुसऱ्यांदा दिला गेल्याचें मीं पाहिलें आहे, आणि दोन्ही वेळीं टाळ्या सारख्याच पडल्या. मोठ्या परडीचा गुच्छ असेल तर त्याच्या तळाशीं जो हिरवा स्पंज असतो, तो १९५४ च्या सुमारास अमेरिकेंत निघालेला. फुलें दोन दिवसांत मातीला मिळतात, तो स्पंज मात्र मातीला मिळत नाहीं. ज्याला कोणाचेंही नांव चिकटत नाहीं, ज्याची कोणास वाट पाहावी लागत नाहीं आणि जो हरवला तरी कोणाचें कांहीं हरवत नाहीं, त्या वस्तूला भेट म्हणावयाचें काय ?

माझे तरुण सहकारी यावर म्हणतात, “सर, तुम्ही आयुष्यभर इंग्रजी वाङ्मय शिकविलेंत, आणि गुच्छ ही तर त्याच संस्कृतीनें दिलेली शोभिवंत रीति !” तर त्या वाङ्मयाचीच साक्ष काढूं. शेक्सपियरच्या ‘विंटर्स टेल’ नाटकांत मेंढ्यांची लोंकर कातरण्याच्या उत्सवाचा एक प्रवेश आहे. मेंढपाळाच्या घरीं वाढलेली पर्डिटा त्यांत यजमानीण म्हणून पाहुण्यांस फुलें वांटते. सरसकट नव्हे. पिकल्या केसांच्या पाहुण्यांस ती हिंवाळाभर टिकणाऱ्या वनस्पति देते, मध्यम वयाच्यांस उन्हाळ्यांतील फुलें देते, आणि तरुण मुलींकडे वळल्यावर तिला वाईट वाटतें कीं यांच्याजोगीं वसंतांतील फुलें आज आपल्यापाशीं नाहींत ! रंगीत रेघांच्या कार्नेशनला तर ती आपल्या बागेंत थाराच देत नाहीं. वेषांतर करून आलेला राजा तिच्याशीं वाद घालतो, कलम करून नवें फूल काढणें हीही निसर्गाचीच कला आहे असें तिला पटवितो. तर्कानें पाहिल्यास राजाचें म्हणणें बिनतोड आहे. तरीपण उत्सवांत फुलें कोणीं वांटावीं असें मला कोणी विचारल्यास मी राजाकडे बोट दाखविणार नाहीं. आज आपल्या गुच्छांत नेमकें तेंच कार्नेशन असतें हा योगायोग मला गंमतीचा वाटतो.

आणि आपल्याकडे पाहूं लागलें तर काय सांगावें ? कालिदासानें ‘मेघदूता’च्या उत्तरार्धांत अलका नगरींतील स्त्रियांचें वर्णन करतांना सहा ऋतूंचीं सहा फुलें एकाच श्लोकांत आणलीं आहेत, कुंद केसांत, शिरीष कानावर, नीप भांगांत, अशी प्रत्येकाची जागा त्यानें ठरवून दिली आहे. हातांतही त्यानें एक कमळ दिलें आहे; गुच्छपक्षास तेवढा आधार घ्यावयाचा असल्यास माझी हरकत नाहीं. पण एकच, आणि तें खेळविण्यासाठीं. मराठींतील शब्दच पाहा : गळ्यांत हार, अंबाड्यावर वेणी, मनगटांत गजरा, पगडींत तुरा, कपाळावर मुंडावळ्या, आणि डोहाळजेवणाच्या दिवशीं गर्भवतीस फुलांच्या दागिन्यांनीं मढवितात ती वाडी. यांतील प्रत्येक शब्द माणसाच्या अंगाला लगटून आहे. वेणी घ्यावयास गेलेल्या माणसाला कोणासाठीं, हें मनाशीं ठरवूनच जावें लागतें. केस किती, अंबाडा कीं शेंपटा, वास सोसतो कीं डोकें दुखतें, नारिंगी रंग आवडतो कीं पांढरा, इतकें ठाऊक असल्यावांचून त्याला बाजारांत उभेंच राहतां येत नाहीं. गुच्छ घेणाऱ्यास यांतील कांहीं एक ठाऊक असावें लागत नाहीं. त्याला फक्त किंमत ठाऊक असावी लागते.

येथें गुच्छपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा येतो, आणि तो मी त्यांच्याहूनही जोरानें मांडतों, कारण तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ते म्हणतात : तुमची वेणी विचारते खरी, पण काय विचारते ? नवरा आहे का, हेंच ना ? हळदीकुंकवाच्या तबकांत गजरे मांडलेले असतात ते सवाष्णींसाठीं. विधवेच्या पुढें तें तबक थांबत नाहीं. गुच्छ मात्र तिच्यापुढें थांबतो. गुच्छाला सौभाग्य कळत नाहीं, जात कळत नाहीं, धर्म कळत नाहीं; म्हणूनच तो आधुनिक आहे आणि म्हणूनच तो हवा.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या तालुक्यांतील एका शाळेच्या समारंभांत जुन्या शिक्षकांचा सत्कार झाला. त्यांत एक बाई होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढें, वैधव्य चाळीस वर्षांचें. आमच्या दोन पिढ्यांना त्यांनीं मुळाक्षरें गिरवावयास लाविलीं. त्यांना त्या दिवशीं सात गुच्छ मिळाले. समारंभ आटोपल्यावर रिक्षाची वाट पाहत आम्हीं बाहेर उभे होतों. त्यांच्या नातीनें बाजारांतून येतांना सुरंगीचा एक वळेसर आणला होता, तो तिनें सहज आजीच्या हातांत दिला. बाईंनीं तो नाकाशीं नेला, डोळे मिटले, आणि बराच वेळ तसाच धरून ठेविला. मग नातीच्या हातांत परत ठेवीत म्हणाल्या, “माका कित्याक गो चेडवा ? तूंच माळ.” रिक्षा आली. सात गुच्छांपैकीं एकही रिक्षांत चढला नाहीं आणि त्यांची आठवणही कोणास झाली नाहीं.

आतां गुच्छपक्षीयांनीं मला सांगावें, त्या बाईंना समता कोणत्या क्षणीं मिळाली ? सात गुच्छांनीं ? त्या फुलांचा त्यांनीं वाससुद्धां घेतला नव्हता, आणि घेण्यासारखा तो नव्हताच. ज्या फुलाकडे त्यांचें मन चाळीस वर्षांनंतरही धांवत होतें तें फूल द्यावयाचें धाडस आम्हां एकाही विद्यार्थ्याला झालें नाहीं. आणि तें झालें नाहीं ही गोष्ट झांकावयास गुच्छ आयता हाताशीं होता. गुच्छानें जुनी रूढि मोडली असें म्हणतात तें खोटें आहे. गुच्छानें ती रूढि न मोडतां बाजूनें जाण्याची वाट काढून दिली. विधवेला फूल द्यावयाचें, पण तिनें माळावें असें फूल द्यावयाचें नाहीं, ही ती वाट !

१८५६ सालीं विधवाविवाहाचा कायदा झाला. १८९३ सालीं धोंडो केशव कर्व्यांनीं विधवेशीं विवाह केला आणि त्याबद्दल समाजाचा बहिष्कार सोसला. हा इतिहास शाळेंतल्या मुलांनाही पाठ असतो. तरीही ४ मे २०२२ या दिवशीं कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवच्या ग्रामपंचायतीला ठराव करावा लागला, कीं नवरा वारल्यावर बाईचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें हे प्रकार यापुढें आपल्या गांवांत होणार नाहींत. त्याच महिन्यांत राज्यशासनानें परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीं तोच कित्ता गिरवावा असें सांगितलें. हेरवाडचा ठराव फार मोलाचा आहे आणि त्याचें मोल कमी करण्याचा माझा हेतु नाहीं. पण ठरावानें जें होतें तें नेणाऱ्याचा हात धरण्याचें काम. बांगडी फोडूं नका म्हटलें कीं बांगडी हातांत राहते. फुलाचें तसें नाहीं. फूल रोज नवें लागतें, आणि तें कोणीतरी आणून द्यावें लागतें. तो देणारा हात कोणत्याही ग्रामपंचायतीला ठरावानें उत्पन्न करतां येत नाहीं. तो मुलाचा, नातीचा, शेजाऱ्याचा, विद्यार्थ्याचाच असावा लागतो. वेणी सवाष्णींचीच आहे असा नियम दोऱ्यांत ओंवलेला नाहीं. तो आपण ओंवला. दोष वेणीचा असता तर वेणी टाकून गुच्छ घेणें शहाणपणाचें झालें असतें. दोष देणाऱ्याचा आहे, आणि गुच्छ घेतल्यानें तो तसाच राहतो.

कोणी म्हणेल, तिनेंच नको म्हटलें तर ? म्हणूं द्या. केळीच्या पानाच्या पुडींतून दिलेला वळेसर तिनें केसांत माळावा, देवापुढें ठेवावा, उशाशीं घ्यावा किंवा नातीला द्यावा. ती तिची खुषी. पण नको म्हणण्याचा मानही तिला आपण दिल्याखेरीज कसा मिळावा ? तबक तिच्यासमोर न थांबवतां पुढें नेणारे आपण, तिच्या मनाची चिंता वाहण्याचा आव कशासाठीं आणतों ?

आणि फुलें माळणें हें नवरा असलेल्या बाईचें लक्षण, हा नियम आमच्याच हद्दीपलीकडे दोन कोसांवर मोडलेला आहे. गोमंतकांत २४ जूनला सांजांवचा सण होतो. भर पावसांत पोरें, बाप्ये, म्हाताऱ्या, सारींजणें डोक्यावर पानाफुलांचीं वेटोळीं घालून गातनाचत फिरतात, विहिरींत उड्या घेतात. त्या वेटोळ्याला कोपेल म्हणतात. कोपेल घालणाऱ्यास तूं कोण, असें कोणी विचारीत नाहीं. तेव्हां अंगावर घालावयाचें फूल सर्वांना देतां येत नाहीं, म्हणून हातांत धरावयाचें द्यावें लागतें, हा युक्तिवाद निदान रेडीच्या माणसानें तरी करूं नये.

पुरुषांस काय द्यावें हा प्रश्न त्या मानानें सोपा आहे. पगडी गेली, तिच्याबरोबर तुराही गेला. नेहरूंच्या कोटावरील गुलाब सर्वांनीं पाहिला. त्याचें अनुकरण मात्र फारसें कोणीं केलें नाहीं. सुरंगीचीं दहा फुलें वाटींत घालून मित्राच्या लिहिण्याच्या मेजावर ठेवावीं, एवढें मी करीत आलों आहें. त्यावर अजून तरी कोणीं तक्रार केलेली नाहीं.

ग्रंथपक्षाविषयीं दोनच शब्द. मी पुस्तकांवर जगणारा माणूस. मला पुस्तकांचा द्वेष असावयाचें कारण नाहीं. पण समारंभासाठीं जीं पुस्तकें खरेदी होतात तीं वाचणाऱ्याकडे पाहून घेतलेलीं नसतात; गुच्छाच्याच किमतींत, गुच्छाच्याच घाईनें, बरेचदां गठ्ठ्यानें घेतलेलीं असतात. माझ्या कपाटांत एकाच थोर पुरुषाच्या एकाच चरित्राच्या चार प्रति आहेत, चारही सप्रेम भेट. पुस्तक निवडून देणें हें वेणी निवडून देण्याहून अवघड काम आहे. ज्याला दुसरें साधत नाहीं त्याला पहिलें कसें साधेल? शिवाय फूल सायंकाळीं सुकून घेणाऱ्याला मोकळें करतें. न वाचलेलें पुस्तक कपाटांतून वर्षानुवर्षें त्याच्याकडे पाहत राहतें.

राहिला व्यवहाराचा भाग. सुरंगी बाराही महिने नसते आणि एक दिवसाच्या वर टिकत नाहीं, हा आक्षेप मला अनेकांनीं ऐकविला आहे. बारा महिने मिळणाऱ्या वस्तूची भेट कशाला द्यावयाची, हें त्यावर माझें पहिलें उत्तर. दुसरें असें कीं सुरंगी संपली म्हणून कोंकणांतलीं फुलें संपत नाहींत. अबोली परसांत जवळजवळ वर्षभर असते. तिला वास नाहीं, आणि तेंच कित्येकदां तिचें भूषण ठरतें. आजाऱ्याच्या खोलींत, किंवा वासानें ज्यांचें डोकें दुखतें त्यांच्यासाठीं, अबोलीसारखें फूल नाहीं. तिची वेणी दोन दोन दिवस तरतरीत राहते, म्हणून रात्रीच्या गाडीनें मुंबईस निघालेल्या मुलीच्या केसांत तीच असावी. पावसांत सोनचाफा आहे, जुई आहे, अनंत आहे. हिंवाळ्यांत शेवंती. या शेवंतीची गंमत अशी कीं फ्रान्स आणि इटली या देशांत तीच जातीची फुलें थडग्यांवर वाहण्यासाठीं राखून ठेवलेलीं असतात आणि यजमानास भेट म्हणून नेलीं तर तो दचकतो. आपल्याकडे देवापासून नवरीपर्यंत सर्वांस तीं चालतात. गुच्छ विकणाऱ्याला हा भेद ठाऊक असण्याचें कारण नसतें, त्याच्या बादलींत सारीं फुलें सारखींच.

आणि पैशांचें म्हणाल तर, गुच्छाला दिलेल्या रुपयांतला किती भाग कागदाला, किती गाडीला आणि किती फितीला गेला याचा हिशेब लागणें कठीण. वळेसराचे पैसे पहाटे झाडावर चढलेल्याला आणि दुपारपर्यंत मान मोडून ओंवीत बसलेल्या बाईला मिळतात. त्या पैशांनीं ज्याच्या परसांत तें झाड आहे त्याला तें ठेवावेंसें वाटतें. सुरंगी सावकाश वाढणारें झाड आहे. लांकडासाठीं किंवा घराच्या जोत्यासाठीं एकदां तोडलें तर तोडणाऱ्याच्या हयातींत त्या जागीं दुसरें फुलेल याचा भरंवसा नाहीं. आमच्या गांवची जमीन खाणींनीं किती खाल्ली हें येथें सांगत बसत नाहीं. पण उरलेल्या झाडांचा बचाव कोणाच्या उपदेशानें होईल असें मला वाटत नाहीं, गिऱ्हाइकानें होईल.

तेव्हां येत्या माघांत कोणास फुलें द्यावयाचीं असतील त्यानें शिरोड्याच्या बाजारांत आदल्या दिवशीं सांगून ठेवावें, कारण दहाच्या सुमारास गेल्यास चांगले वळेसर उचललेले असतात. मोजतांना घरांतील सगळ्या बायका मोजाव्या. पुडी केळीच्या पानाचीच घ्यावी, प्लॅस्टिकच्या पिशवींत फुलांना घाम येतो. वर पाण्याचा नुसता हात फिरवावा, आणि दोरा सैल बांधावा. आंवळला तर घरीं पोंचेपर्यंत केसर काळे पडतात.